ठेव म्हणून आलेली माहिती: महाराष्ट्रातील कुलगुरूंना खुले पत्र

प्रति,
सन्माननीय कुलगुरू,
महाराष्ट्रातील सर्व सार्वजनिक विद्यापीठे

स.न.वि.वि.

मी एका तालुक्याच्या गावातल्या अनुदानित महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवते. नोकरीला २२ वर्षं झाली, त्यातली सहा आयक्यूएसीची, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाची, समन्वयक म्हणून गेली. विद्यार्थ्यांनी आणि संशोधनासाठी बोलणाऱ्या माणसांनी विश्वासाने दिलेल्या माहितीचं आपल्याकडे काय होतं, हे मी जवळून पाहिलं आहे. त्यात माझाही हात आहे, म्हणून आधी तेच सांगते.

दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातली एक मुलगी स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहिली. आदल्या दिवशी तिला फोन आला होता. बोलणाऱ्याने तिचं पूर्ण नाव, तिला मिळणाऱ्या शिष्यवृत्तीचं नाव, रक्कम आणि बँकेचा खाते क्रमांक घडाघडा सांगितला. दुसरा हप्ता अडकलाय, आता मोबाईलवर येईल तो ओटीपी सांगा, म्हणजे मोकळा करतो, असं म्हणाला. इतकं सगळं बरोबर सांगणारा माणूस सरकारीच असणार, असं तिला वाटलं. खात्यातले ४,३०० रुपये गेले. त्यात आईचे कापूस वेचणीचे पैसे होते. ती रडत नव्हती. तिला एवढंच विचारायचं होतं, "मॅडम, त्याला माझी शिष्यवृत्ती कशी माहीत?"

शिष्यवृत्ती हा शब्द ऐकला आणि माझ्या पोटात गोळा आला. मी आमच्याच महाविद्यालयाचं संकेतस्थळ उघडलं. आयक्यूएसी, एसएसआर (मूल्यांकनासाठी महाविद्यालयाने स्वतःबद्दल दिलेला अहवाल), क्रायटेरियन पाच. तीन क्लिक. लॉगिन नाही, पासवर्ड नाही. ४१ पानांची पीडीएफ उघडली: विद्यार्थ्याचं नाव, प्रवर्ग, मोबाईल क्रमांक, खाते क्रमांक, मिळालेली रक्कम. प्रत्येक पानावर प्राचार्यांचा गोल शिक्का आणि डाव्या कोपऱ्यात समन्वयक म्हणून माझी सही. तिचं नाव सतराव्या पानावर होतं.

त्या माणसाने माहिती तिथूनच उचलली, हे मी सिद्ध करू शकत नाही. पण उचलायला त्याला काहीच अडचण नव्हती, हे मात्र सहीनिशी सांगू शकते. आम्ही १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पैसे परत आले नाहीत. यादी त्याच संध्याकाळी काढायची म्हटलं, तर संकेतस्थळाचा पासवर्ड ज्या एजन्सीकडे होता तिचं कंत्राट संपलेलं, आणि नव्या एजन्सीला जुन्या फोल्डरचा ठावठिकाणा नाही. अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत कार्यालयात सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न असा होता की, लिंक तुटली तर मूल्यांकनात गुण कापले जातील का?

महोदय, हे एकट्या आमच्या महाविद्यालयाचं दुखणं नाही. आपल्या विद्यापीठाशी संलग्न कुठल्याही दहा महाविद्यालयांची संकेतस्थळं एका दुपारी उघडून पाहावीत, अशी माझी विनंती आहे. फी माफीच्या याद्या, दिव्यांग विद्यार्थ्यांच्या याद्या प्रमाणपत्रांच्या स्कॅनसह, नोकरी लागलेल्यांची नावं आणि फोन, वसतिगृहातल्या मुलींची खोलीवार यादी. हे सगळं पुरावा म्हणून. पुराव्याची ही भीती आमच्या अंगात इतकी मुरली आहे की काम झालं असं दाखवायला कागद हवा, कागद अस्सल दाखवायला त्यावर नाव-गाव-फोन हवा, आणि तो कुणालाही पाहता यावा म्हणून नेटवर टाकायला हवा, ही साखळी आम्ही कधी तपासलीच नाही. प्रवर्गाचा रकाना तर आम्ही डोळे झाकून भरतो. ज्या मुलाने वर्गात कधी आपली जात सांगितली नाही, त्याची जात त्याच्या कॉलेजने जगाला सांगितलेली असते. उद्या त्याचं नाव शोधणाऱ्या घरमालकाला ती सापडते, नोकरी देणाऱ्यालाही सापडते.

सायबर सुरक्षेवर आपल्याकडे कार्यशाळा पुष्कळ होतात. ऑक्टोबरात शपथ होते, पोलीस ठाण्यातले साहेब येऊन अनोळखी लिंक उघडू नका म्हणून सांगतात. ते गरजेचंच आहे. पण या सगळ्यात चोर नेहमी बाहेरचा असतो, आणि विद्यार्थ्याने सावध राहायचं असतं. दार सताड उघडं टाकणाऱ्या संस्थेबद्दल कुणी बोलत नाही.

कायद्याने आपल्याला वेळोवेळी सांगितलं आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्वाळा दिला. पुढच्याच वर्षीच्या आधार निकालात यूजीसी, सीबीएसई, नीट यांना आधार सक्तीचा करता येणार नाही, हे स्पष्ट झालं. सरकारी तिजोरीतून मिळणाऱ्या शिष्यवृत्तीसाठी आधार मागता येतो, पण म्हणून प्रत्येक कागदाला तो जोडता येत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये यूजीसीने पदवीवर आणि तात्पुरत्या प्रमाणपत्रावर पूर्ण आधार क्रमांक छापू नका, असंही विद्यापीठांना कळवलं. तरी आमच्याकडे प्रवेश अर्जासोबत आधारची झेरॉक्स आजही दोन प्रतींत लागते, परीक्षा अर्जासोबत पुन्हा एक, एनएसएसला वेगळी. कशासाठी, असं मी कार्यालयात विचारलं. "पहिल्यापासून घेतो मॅडम." पहिले आठ आकडे झाकलेला आधार काढता येतो, हे आमच्या खिडकीवरच्या कुणाला ठाऊकही नव्हतं. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले. मुख्य बंधनं लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत आहे, म्हणजे २०२७ चा उन्हाळा. माहिती सांभाळण्यात हयगय झाली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. माहिती फुटली तर ज्याची फुटली त्याला विनाविलंब कळवायचं आहे आणि या कायद्याखालच्या माहिती संरक्षण मंडळाला ७२ तासांत तपशील द्यायचा आहे. सायबर हल्ला झाला तर सहा तासांत सर्ट-इनला, म्हणजे केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला, कळवायचं, हा आदेश तर एप्रिल २०२२ मध्येच निघाला. आमच्या महाविद्यालयात त्या मुलीला कळवणारं कुणी नव्हतं. तिने येऊन आम्हाला कळवलं.

आता फाटकाबाहेरचं सांगते. आमच्या कॉलेजसमोर झेरॉक्सचं दुकान आहे. जुलै ते सप्टेंबर तिथे पाय ठेवायला जागा नसते. मुलं शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचा अर्ज, एबीसी आयडी (श्रेयांकांच्या ऑनलाइन खात्याचा क्रमांक) सगळं तिथूनच भरतात, कारण घरी कॉम्प्युटर नाही आणि मोबाईलवर पोर्टल नीट उघडत नाही. दुकानदाराकडे एक जाडजूड रजिस्टर आहे, लाल पुठ्ठ्याचं. त्यात मुलाचं नाव, युझर आयडी, पासवर्ड, आणि ओटीपी ज्यावर येतो तो नंबर. मुलं पासवर्ड विसरतात आणि पुढच्या वर्षी रडकुंडीला येतात, म्हणून तो लिहून ठेवतो. कॉम्प्युटरच्या डेस्कटॉपवर वर्षवार फोल्डर: जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, पासबुकाचं पहिलं पान, सही, फोटो. त्या माणसावर मला बोट ठेवायचं नाही. तो नसता तर आमच्या निम्म्या मुलांचे अर्ज भरलेच गेले नसते. पण जे काम महाविद्यालयाने आपल्या संगणक कक्षात, आपल्या जबाबदारीवर करून द्यायला हवं, ते आपण दहा-वीस रुपयांच्या सेवेवर सोडून दिलं आहे. तिथून काय कुठे जातं, याची ना आपल्याला खबर, ना त्याला.

आणि पासवर्ड तरी कसले! कित्येक पोर्टलांवर पीआरएन, म्हणजे विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक, हेच नाव आणि जन्मतारीख हाच पासवर्ड. पीआरएन हॉल तिकिटावर असतो, हॉल तिकीट बाकावर असतं, आणि जन्मतारीख सगळ्या वर्गाला पाठ असते, कारण त्या दिवशी केक कापलेला असतो.

माझ्या जिव्हाळ्याचा विषय मात्र संशोधन आहे, आणि तिथली बेफिकिरी मला जास्त लागते. विद्यार्थी निदान सही करून माहिती देतो. वस्तीवर जाऊन आपण ज्यांच्याशी बोलतो, त्या बाया-माणसांना कागदाचा अर्थही पुष्कळदा कळत नसतो. ती बोलतात, कारण समोरची पोर आपल्यासारखीच दिसते, तिला चहा दिलेला असतो.

मागे एक प्रबंध परीक्षक म्हणून माझ्याकडे आला. विषय ऊसतोड कामगार स्त्रियांचं आरोग्य. मेहनत खरी होती. दोन हंगाम संशोधक मुलगी कोपीकोपीत फिरली होती. परिशिष्टात तिने उत्तरं देणाऱ्या स्त्रियांचा तक्ता दिला होता. नावं काढून टाकली होती, त्याबद्दल तिला वाटलं होतं की आपण काळजी घेतली. पण पुढचे रकाने असे: गाव, वस्ती, जात, वय, मुलं किती, गर्भपिशवी काढल्याचं वर्ष. त्या वस्तीवर त्या जातीची सात घरं, हे प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणातच लिहिलेलं. ३४ वर्षांची, तीन मुलांची, त्या सात घरांतली बाई कोण, हे त्या गावातल्या शाळकरी पोराने सांगितलं असतं. आणि पुढे एका मुलाखतीत तिने नवऱ्याबद्दल आणि मुकादमाबद्दल जे सांगितलं होतं, ते तिच्याच शब्दांत छापलेलं होतं.

मी तो तक्ता बदलायला लावला. संशोधक मुलीने मनापासून ऐकलं. तिच्या मार्गदर्शकांनी "एवढं कुणी वाचत नाही हो" म्हणून मला समजावलं. महोदय, प्रबंध आता शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या सगळ्यांना खुल्या ऑनलाइन संग्रहात, जातात. कपाटात कुलूपबंद राहणारं ज्ञान सगळ्यांना खुलं झालं, ही या देशातल्या संशोधनातली फार चांगली गोष्ट आहे आणि ती तशीच राहावी. पण म्हणूनच परिशिष्टातला प्रत्येक रकाना मार्गदर्शकाने वाचायला हवा. वैद्यकीय संशोधनासाठी आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, नैतिकता समित्या आहेत. समाजशास्त्र, शिक्षणशास्त्र, वाणिज्य, समाजकार्य या विषयांत माणसांकडूनच माहिती गोळा होते, आणि आमच्या संशोधन केंद्रांवर ती कुठे ठेवली, कुणाला दिसते, कधी पुसणार, हे विचारणारा माणूसच नसतो. मुलाखतींचं रेकॉर्डिंग संशोधकाच्या मोबाईलमध्ये असतं आणि तो मोबाईल घरातल्या लहान भावाच्या हातात. प्रश्नावलीची उत्तरं अशा फोल्डरमध्ये, की ज्याच्याकडे लिंक त्याला उघडावं. नव्या कायद्यात संशोधनाला सवलत आहे, पण अटींसह: त्या माहितीवरून त्या विशिष्ट व्यक्तीबद्दल निर्णय घ्यायचा नाही आणि ठरवून दिलेले निकष पाळायचे. ही सवलत म्हणजे मोकळं रान, असा अर्थ आपल्याकडे लावला जाईल, अशी मला भीती वाटते.

मोठी विद्यापीठं तरी यातून सुटतात का? नाही सुटत. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने नऊ इराणी नागरिकांवर आरोप ठेवले. त्या आरोपपत्राप्रमाणे अमेरिकेतली १४४ आणि इतर २१ देशांतली १७६ विद्यापीठं त्यांनी लक्ष्य केली होती आणि ३१.५ टेराबाइट मजकूर पळवला होता. युक्ती साधी होती. प्राध्यापकाला दुसऱ्या विद्यापीठातल्या प्राध्यापकाच्या नावाने मेल यायचा: तुमचा लेख वाचला, आवडला, त्याच विषयावरचे हेही लेख पाहा. लिंक उघडली की आपल्याच विद्यापीठाच्या लॉगिनसारखं हुबेहूब पान. आपला लेख कुणी वाचला, या आनंदात पासवर्ड टाकणारा प्राध्यापक मला अगदी ओळखीचा वाटतो.

नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठात ऑक्टोबर २०१९ मध्ये असाच एक मेल उघडला गेला. हल्लेखोर दोन महिने आत दबा धरून बसले आणि नाताळच्या दोन दिवस आधी, २३ डिसेंबरला, २६७ सर्व्हर कुलूपबंद करून टाकले. ते उघडून मिळावेत म्हणून विद्यापीठाने खंडणीचे ३० बिटकॉइन, म्हणजे तेव्हाचे सुमारे दोन लाख युरो, मोजले. ते योग्य होतं का, यावर वाद होईल. मला सांगायचं आहे ते पुढचं. फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांनी जाहीर परिसंवाद घेऊन काय घडलं, कुठे चुकलं, पैसे का दिले, हे सगळं लोकांपुढे मांडलं. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत २०१८ च्या अखेरीस चोर शिरले आणि १९ वर्षांमागपर्यंतच्या नोंदींना त्यांचे हात पोचले. ते लक्षात यायला २०१९ चा मे महिना उजाडला. जूनमध्ये विद्यापीठाने ते जाहीर केलं आणि ऑक्टोबरमध्ये हल्ल्याचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. आपल्याकडची कुठलीही संस्था असं करताना डोळ्यांसमोर आणून पाहावी.

ब्रिटिश लायब्ररीचं उदाहरण आपल्या इतिहास विभागांना चांगलंच ठाऊक असेल. ईस्ट इंडिया कंपनीपासूनचे कागद, मुंबई इलाख्याची दप्तरं तिथे आहेत. ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्याने तिची पुस्तकं शोधायची ऑनलाइन यादीसुद्धा बंद पडली, ती जानेवारीत थोडीफार परत आली. खंडणी द्यायला त्यांनी नकार दिला आणि सुमारे ६०० जीबी माहिती चोरांनी बाहेर टाकली. मार्च २०२४ मध्ये त्यांनीही अहवाल छापला. त्यात लिहिलं आहे की बाहेरच्या कंत्राटदारांसाठी ठेवलेल्या एका सर्व्हरला पासवर्डखेरीज दुसरी तपासणीच नव्हती आणि जुन्या यंत्रणांमुळे सावरायला वेळ लागला. वाचताना मला आमच्या एजन्सीचा पासवर्ड आठवला.

आपल्या देशात २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सचे पाच सर्व्हर असेच बंद पडले आणि जवळजवळ दोन आठवडे देशातल्या त्या सर्वोच्च वैद्यकीय संस्थेत केसपेपर हाताने लिहावे लागले. एप्रिल २०२३ मध्ये महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या संयुक्त पूर्व परीक्षेची सुमारे ९४ हजार प्रवेशपत्रं टेलिग्रामवर आली. आयोगाने ते जाहीरपणे मान्य केलं, हे नोंदवायला हवं. त्यातली कितीतरी मुलं आपल्याच विद्यापीठांची पदवीधर असणार.

आता मागणं. मूल्यांकनासाठी लागणाऱ्या याद्यांतून मोबाईल, खाते क्रमांक, आधार, प्रवर्ग आणि अपंगत्वाचे तपशील काढून केवळ क्रमांकवार गोषवारा संकेतस्थळावर ठेवावा आणि मूळ कागद समितीला प्रत्यक्ष भेटीत दाखवावेत, असं एक परिपत्रक आपल्या सहीने निघालं, तर समन्वयक सुटकेचा श्वास टाकतील. मूल्यांकन करणाऱ्या संस्थेशी आपण कुलगुरूंनी एकत्रित बोलावं. एकट्या प्राचार्याचं ते ऐकलं जाणार नाही. आधीच टाकलेल्या याद्या उतरवायला तीन महिन्यांची मुदत द्यावी, आणि ज्या महाविद्यालयाने त्या स्वतःहून उतरवल्या त्याला तुटलेल्या लिंकची शिक्षा होऊ नये.

संशोधन केंद्राला मान्यता देताना माणसांकडून माहिती घेणाऱ्या प्रत्येक विषयासाठी छोटी का होईना, नैतिकता समिती बंधनकारक करावी. तीन प्राध्यापक आणि बाहेरचा एक माणूस पुरेल. पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये संशोधनाच्या नीतिमत्तेचा भाग आहेच. त्यात वाङ्मयचौर्य शिकवतो, तसंच नाव झाकूनही माणूस कसा ओळखू येतो, हे शिकवावं. मी ते शिकवायला कुठेही यायला तयार आहे, मानधनाशिवाय.

आणि माणूस द्यावा. आमच्याकडे संगणक, नेटवर्क, संकेतस्थळ, बायोमेट्रिक, प्रवेशाचं सॉफ्टवेअर हे सगळं एक कंत्राटी लॅब असिस्टंट सांभाळतो. तो दर अकरा महिन्यांनी घरी बसतो आणि नवा आदेश निघेपर्यंत पासवर्ड त्याच्या डोक्यात असतात. प्रत्येक महाविद्यालयाला तज्ज्ञ परवडणार नाही, हे मला कळतं. पण प्रत्येक जिल्ह्याला विद्यापीठाचा एक माणूस, ज्याला रात्री फोन केला तर तो उचलेल आणि सकाळी काय करायचं ते सांगेल, एवढं परवडायला हवं.

प्रवेश न मिळालेल्या मुलांच्या अर्जांचे गठ्ठे आमच्या जिन्याखाली २०११ पासून पडून आहेत. त्यांचं काय करायचं, याचा आदेशच नाही. रद्दीवाला दर दिवाळीत विचारून जातो.

त्या मुलीने बी.ए. पूर्ण केलं. आता ती एम.ए.ला आहे, आमच्याकडेच. गेल्या आठवड्यात आम्ही वस्ती सर्वेक्षणाला निघालो तेव्हा तिने माझ्या हातातली छापील प्रश्नावली घेतली, वरचा मोबाईल क्रमांकाचा रकाना पेनाने खोडला आणि विचारलं, "हा लागतो का मॅडम?" आम्ही दोघींनी विचार केला. लागत नव्हता. साठही प्रतींवरचा तो रकाना तिने आणि तिच्या मैत्रिणींनी एसटीत बसल्या बसल्या खोडला.

पुढच्या वर्षीचे प्रवेश अर्ज मे महिन्यात छापायला जातात. परिपत्रक त्याआधी आलं, तर आधारच्या झेरॉक्सची ओळ आम्हाला यंदाच काढता येईल.

आपली नम्र,
समाजशास्त्राची एक सहयोगी प्राध्यापिका